बोटावरची शाई आणि बक्षिसाचं कूपन: इंदूरमधल्या एका मंडळाचं प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या मध्य प्रदेश विधानसभा निवडणुकीच्या काळातलं, इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीतलं. वस्ती, माणसं आणि रकमा ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. तारखा आणि कायद्याची कलमं मात्र खरी आहेत. पैशाच्या बदल्यात मत मागण्याचा विचार यात कुणाच्याच मनात नव्हता. लोकांनी मतदानाला बाहेर पडावं एवढीच सगळ्यांची इच्छा होती, आणि तरीही मंडळ लाचखोरीच्या कलमाच्या दाराशी जाऊन उभं राहिलं. सोसायट्या, मंडळं आणि व्यापारी संघ दर निवडणुकीला अशाच योजना आखतात, म्हणून ते सविस्तर मांडत आहोत.

पार्श्वभूमी

मंडळ गणेशोत्सवाचं. स्वतःचं सभागृह, तीनेकशे वर्गणीदार घरं, आणि शेजारच्या शाळेत वस्तीची तीन मतदान केंद्रं. २०१८ ला या तीन केंद्रांवरचं मतदान आसपासच्या केंद्रांपेक्षा कमी झालं होतं. कार्यकारिणीत ते बरीच वर्षं सलत होतं. स्वच्छतेत शहर दरवर्षी देशात पहिलं येतं आणि मतदानात आपली गल्ली मागे का, हा प्रश्न प्रत्येक सभेत कुणी ना कुणी काढायचंच.

२०२३ च्या गणेशोत्सवात, म्हणजे १९ ते २८ सप्टेंबरच्या दरम्यान, एका रात्री आरतीनंतर योजना ठरली. तिचे तीन भाग होते. मतदार नोंदणीचा अर्ज भरून आणणाऱ्या कॉलेजच्या मुलांना अर्जामागे २० रुपये. ज्याचं नाव नव्याने नोंदवलं जाईल त्याला १४० रुपयांचा स्टीलचा डबा. असे २०० डबे. आणि मतदानाच्या दिवशी सभागृहात येऊन बोटावरची शाई दाखवणाऱ्याला पोहे-जलेबीची प्लेट आणि लकी ड्रॉचं कूपन. ड्रॉमध्ये मिक्सर, दोन कुकर, चांदीची नाणी. सगळा खर्च ७६,००० रुपयांच्या आसपास.

हा पूर्ण खर्च एका सभासदाने उचलला. बांधकाम साहित्याचा व्यवसाय, मंडळाचे जुने देणगीदार, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांची अट एकच होती: कूपनवर दुकानाचं नाव छापायचं. त्यांचा धाकटा भाऊ एका पक्षाकडून तिकिटासाठी धडपडतो आहे हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिकीट मिळेल असं कुणाला वाटत नव्हतं, त्यामुळे तो विषय कुणी काढलाच नाही.

पहिला निर्णयबिंदू हा होता, आणि तो तसाच निसटला.

गठ्ठा परत आला

अडचण प्रथम उघडी पडली ती नोंदणीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत मुलांनी दीडशेच्या वर अर्ज जमवले आणि गठ्ठा बांधून बीएलओंकडे नेला. बीएलओ म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणारी कर्मचारी. इथे त्या अंगणवाडी कार्यकर्त्या होत्या. त्यांनी गठ्ठा घेतला नाही. अर्ज ज्याचा त्याने द्यायचा, फार तर एकाच घरातल्याचा अर्ज घरातल्या दुसऱ्याने आणायचा. संस्थेने किंवा तिसऱ्याच माणसाने एकगठ्ठा आणून दिलेले अर्ज घेऊ नयेत, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. मान्यताप्राप्त पक्षाने नेमलेला बूथ एजंट, म्हणजे बीएलए, नेहमीच्या पुनरीक्षणात दिवसाला दहापर्यंत अर्ज देऊ शकतो, तेही आपण स्वतः खातरजमा केली आहे असं लिहून देऊन. मंडळाला ती सवलत नाही.

यावर भाऊंनी सहज सुचवलं, "मग आपल्या बीएलएकडून देऊ की थोडे थोडे करून." दुसरा निर्णयबिंदू हा. तसं केलं असतं तर मंडळाने जमवलेले अर्ज एका पक्षाच्या खात्यावर गेले असते, आणि उद्या त्यातला एकही खोटा निघाला तर मंडळ आणि पक्ष दोघांना उत्तर द्यावं लागलं असतं. या वेळी कार्यकारिणीतल्या एका निवृत्त तहसील कर्मचाऱ्यांनी, सगळे त्यांना नाना म्हणतात, अर्ज सभागृहातच टेबलावर ओतायला लावले आणि एकेक उघडून बघितला.

चार ढिगाऱ्या झाल्या. पहिली बरोबर भरलेल्या फॉर्म ६ ची; ती जेमतेम निम्मी होती. दुसरी अशा लोकांची, ज्यांचं नाव खरगोन, देवास किंवा धुळ्याच्या यादीत आधीच आहे आणि जे आता इथे भाड्याने राहतात. ऑगस्ट २०२२ पासून फॉर्म ६ हा फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे; राहण्याचं ठिकाण बदललं, मग ते दुसऱ्या मतदारसंघातून असो, तर फॉर्म ८ भरायचा. तिसरी ढिगारी १ ऑक्टोबर २०२३ ला १८ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांची. आता वर्षात चार अर्हता दिनांक, म्हणजे वय अठरा पूर्ण आहे का हे ज्या दिवशी धरतात त्या तारखा, असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्जही करता येतो. पण या निवडणुकीत मत द्यायला १ ऑक्टोबरला अठरा पूर्ण हवीत. चौथी ढिगारी सर्वांत लहान आणि सर्वांत वाईट: पत्ता इथल्या काकांचा, माणूस राहतो पुण्यात. दोन-तीन अर्जांवरच्या सह्या तर एकाच हातच्या दिसत होत्या.

मुलं लबाड नव्हती. योजनेनेच त्यांना या वाटेवर घातलं होतं. वीस रुपये मिळायचे ते नव्या नावाचे, फॉर्म ८ चे नाही. आणि डबाही नव्या नावालाच. मग भाडेकरूला "तुमचं नाव गावी आहे का?" हे कोण विचारणार, आणि विचारलंच तर तो खरं का सांगेल? फॉर्म ६ मध्ये अर्जदार सही करतो ती आपलं नाव दुसरीकडे नाही या प्रतिज्ञेखाली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १७ आणि १८ प्रमाणे दोन ठिकाणी किंवा दोनदा नाव असणं चालत नाही, आणि कलम ३१ प्रमाणे खोट्या प्रतिज्ञेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे १४० रुपयांच्या डब्यापायी मंडळ आपल्याच भाडेकरूंना गुन्ह्याच्या कागदावर सही करायला लावत होतं. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच. लकी ड्रॉची चर्चा पुढे जास्त झाली, पण माणसांचं खरं नुकसान इथे झालं असतं.

आचारसंहिता आणि उमेदवारी

९ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. अधिसूचना २१ ऑक्टोबरला, अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस ३० ऑक्टोबर, मतदान १७ नोव्हेंबरला, मोजणी ३ डिसेंबरला. मध्ये दसरा आणि दिवाळी.

अनपेक्षितपणे धाकट्या भावाला तिकीट मिळालं. त्याने अर्ज भरला, आणि भाऊ त्याचे निवडणूक प्रतिनिधी झाले. तोवर चाळीसेक डबे वाटून झाले होते आणि हजार कूपनं छापून आली होती, कोपऱ्यात भाऊंच्या दुकानाच्या नावासह.

वस्तीत राहणाऱ्या आणि उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या एका सभासद बाईंना कूपन घरी मिळालं. त्या त्याच संध्याकाळी सभागृहात आल्या. खजिनदारांनी नेहमीच्या सुरात म्हटलं, "अहो ताई, पोह्यांच्या प्लेटवर कोण मत विकतंय?"

"विकत नसेल, काका. पण मत दिल्याबद्दल बक्षीस, असं आपणच छापलंय. आणि छापणाऱ्याचं नावही खाली आहे."

कायदा काय म्हणतो

त्या वेळी लागू होती ती भारतीय दंड विधानाची कलमं १७१-बी आणि १७१-ई. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं १७० आणि १७३ आहेत. मजकूर जवळपास तोच. निवडणुकीचा हक्क बजावायला प्रवृत्त करण्यासाठी, किंवा तो बजावल्याबद्दल बक्षीस म्हणून, कुणाला काही देणं म्हणजे लाच. घेणाऱ्यालाही तेच कलम. मत कुणाला द्यायचं याचा त्या वाक्यात उल्लेखच नाही. 'कोणालाही मत द्या, पण द्या' असं छापलं की आपण मोकळे, ही समजूत इथेच पडते.

शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. लाच जर खाण्यापिण्याच्या किंवा करमणुकीच्या रूपात असेल तर फक्त दंड. म्हणजे पोह्यांना दंड, मिक्सरला कैदही. हे ऐकून सभेतले काही जण सैल झाले, तेव्हा वकीलताईंनी दुसरा कायदा काढला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ११-ए प्रमाणे १७१-ई खाली दोषी ठरलेल्या माणसाचा स्वतःचा मताधिकार सहा वर्षांसाठी जातो. कलम ८ प्रमाणे तो निवडणूक लढवायलाही अपात्र होतो, नुसता दंड झाला तरी सहा वर्षं. मतदान वाढवायला निघालेल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना पुढच्या निवडणुकीत मतच देता आलं नसतं.

तिसरा भाग उमेदवाराचा. याच कायद्याच्या कलम १२३(१) मध्ये 'भ्रष्ट आचरण' म्हणून लाच येते: उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने, किंवा त्या दोघांपैकी एकाच्या संमतीने इतर कुणी, मतदाराला मत देण्यासाठी किंवा न देण्यासाठी, किंवा मत दिल्याबद्दल, दिलेलं काहीही. पैशात मोजता येत नसलेली गोष्ट, करमणूक, नोकरी, सगळं त्यात आलं. कलम ७९(बी) प्रमाणे उमेदवार म्हणजे रीतसर नामनिर्देशन झालेला माणूस, त्यामुळे सप्टेंबरमध्ये वाटलेल्या डब्यांवर १२३ लावणं कठीण. पण कूपनांची वसुली होणार होती १७ नोव्हेंबरला, तेव्हा देणारे भाऊ स्वतःच निवडणूक प्रतिनिधी. तक्रारदाराला संमती वेगळी सिद्ध करायची गरजही उरली नसती. निकालानंतर ४५ दिवसांत कुणीही मतदार किंवा हरलेला उमेदवार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. कलम १०० प्रमाणे निवड रद्द होते, कलम ८-ए प्रमाणे सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. शिवाय खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला गेला असता. विधानसभेची मर्यादा मध्य प्रदेशात ४० लाख आहे, पण न दाखवलेला ७६,००० चा खर्चही अंगाशी येतो.

नानांनी सभेत एक रास्त प्रश्न विचारला: पक्ष जाहीरनाम्यात लॅपटॉप आणि दागिने जाहीर करतात ते चालतं, आणि आमचा डबा चालत नाही? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तामिळनाडूच्या सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात जाहीरनाम्यातली आश्वासनं कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असं म्हटलं. दंड विधानाच्या कलमातही सार्वजनिक धोरणाची घोषणा लाचेतून वगळलेली आहे. हे न्याय्य आहे का, यावर वाद घालावा, घालायलाच हवा. पण मंडळाकडे धोरण नसतं. त्याच्याकडे असतो डबा, तो एका घरी जातो आणि एका कामाच्या बदल्यात जातो.

नोंदणीचं मात्र आपल्याकडे वेगळं आहे, हे बऱ्याच वकिलांच्याही लक्षात नसतं. दंड विधानातली 'निवडणुकीचा हक्क' याची व्याख्या उमेदवारी करणं वा न करणं, ती मागे घेणं, मत देणं वा न देणं एवढ्यापुरती आहे. यादीत नाव घालणं तिच्यात नाही. म्हणून नोंदणीसाठी दिलेला डबा सरळसरळ लाचेच्या व्याख्येत बसत नाही. तो अडकतो १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ मधल्या खोट्या प्रतिज्ञेत, आणि देणारा उमेदवाराचा माणूस असेल तर हेतूच्या संशयात. अमेरिकेत याउलट आहे. तिथला केंद्रीय कायदा नोंदणीसाठी आणि मतदानासाठी पैसे देणं, देऊ करणं आणि घेणं हे एकाच वाक्यात गुन्हा ठरवतो: पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. २००८ मध्ये स्टारबक्सने मत देणाऱ्याला फुकट कॉफी जाहीर केली, आणि हा कायदा दाखवल्यावर मागेल त्या प्रत्येकाला कॉफी दिली. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या गटाने एका निवेदनावर सह्या करणाऱ्या नोंदणीकृत मतदारांपैकी रोज एकाला दहा लाख डॉलर देऊ केले, तेव्हाही वाद हाच झाला: 'नोंदणीकृत असणं' ही अट घातली म्हणजे नोंदणीचीच किंमत मोजली का?

समोरचे पर्याय

सगळं बंद करावं, हा पहिला. सुरक्षित, पण मुलांनी महिनाभर केलेलं काम वाया, आणि वस्तीत 'काहीतरी भानगड होती' ही कुजबुज कायमची.

कूपनवरचं दुकानाचं नाव खोडून योजना तशीच चालवावी, हा खजिनदारांचा. नाव खोडल्याने पैसा बदलत नाही. उलट खोडलेलं नाव हाच तक्रारदाराचा पहिला पुरावा झाला असता.

भाऊंचे पैसे परत करून वर्गणीतून तोच ड्रॉ करावा, हा तिसरा, आणि बहुमत याच्याकडे झुकत होतं. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या व्यापाऱ्यांनी त्याच निवडणुकीत सकाळी लवकर मत देणाऱ्यांना फुकट पोहे-जलेबी उघडपणे जाहीर केली होती. पुढे २०२४ च्या लोकसभेत भोपाळच्या प्रशासनाने मतदारांसाठी लकी ड्रॉ काढला. मग आपण का नाही? आमचं मत असं की उमेदवाराशी संबंध नसलेल्या, सर्वांना सारख्या असलेल्या योजनेत भ्रष्ट हेतू शोधणं अवघड आहे, आणि त्यावर कारवाई होत नाही ती बहुधा म्हणूनच. पण कलमाची शब्दरचना रुंद आहे आणि या मंडळाचा उमेदवाराशी संबंध नव्हता असं कुणी म्हणू शकलं नसतं. पैसे परत केले तरी कूपनं घरोघरी पोचली होती.

चौथा पर्याय परवानगी घेण्याचा. दोघे जण मतदार जागृतीचं काम पाहणाऱ्या कक्षात जाऊन आले. "करा की, चांगलं आहे," असं तोंडी उत्तर मिळालं, लेखी काही नाही. कायद्याने जो गुन्हा आहे त्याला कोणताही अधिकारी परवानगी देऊ शकत नाही, आणि तोंडी होकार न्यायालयात उभा राहत नाही.

पाचवा वकीलताईंचा: खाऊ घाला, पण अट काढा. शाई बघू नका. ज्याने मत दिलं त्याला, ज्याने दिलं नाही त्याला, शाळेतल्या पोराला, झाडूवाल्या मावशींना, सर्वांना पोहे. अट गेली की बक्षीस उरत नाही, नुसता पाहुणचार उरतो.

काय केलं

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्यकारिणीने पाचवा पर्याय घेतला आणि कामं वाटून दिली.

भाऊंची रक्कम चेकने परत केली आणि त्याची नोंद इतिवृत्तात, कारणासह, केली. रोखीने परत करू नये हा नानांचा आग्रह होता; रोख परत गेली याला पुरावा राहत नाही. भाऊ नाराज झाले, पण त्यांच्या वकिलानेही त्यांना तेच सांगितलं होतं. सभागृहाच्या फळ्यावर आणि व्हॉट्सअॅप गटावर एक सूचना गेली: कूपन रद्द, ड्रॉ होणार नाही, मतदान आणि खाणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. उरलेली कूपनं मोजून फाडली आणि आकडा लिहून ठेवला.

वाटलेल्या डब्यांवर जास्त वेळ गेला. परत मागावे का? एक बाजू म्हणत होती की परत घेतल्याने चूक सुधारते. पण चाळीस घरी जाऊन डबा मागायचा म्हणजे चाळीस घरांची यादी करायची, आणि त्यांना विनाकारण गुन्हेगार वाटायला लावायचं. शेवटी डबे राहू दिले, उरलेले दुकानाला परत केले. आम्हाला हा निर्णय बरोबर वाटतो. त्या घरांतल्या ज्यांचे अर्ज चुकीचे होते त्यांना मात्र नानांनी स्वतः भेटून फॉर्म ८ समजावला.

मुलांचा मोबदला बदलला. अर्जामागे पैसे बंद. संध्याकाळी दोन तास सभागृहात बसायचे ठरावीक ३०० रुपये, त्या दिवशी अर्ज दहा होवोत की शून्य. कामाचे पैसे देण्यात गैर काही नाही, नावामागे पैसे देण्यात आहे. पण हे झालं तोवर या निवडणुकीसाठी उशीर झाला होता. नामनिर्देशनाच्या शेवटच्या वेळेनंतर यादी बदलत नाही, आणि हरकतींना सात दिवस द्यावे लागत असल्याने अर्ज त्याच्या दहाएक दिवस आधी पोचावा लागतो. बरोबर भरलेले निम्मे अर्ज ज्याचे त्याने आपल्या फोनवरून, वोटर हेल्पलाइन अॅपवर स्वतःच्या ओटीपीने, ऑक्टोबरच्या मध्यात भरले म्हणून वाचले. उरलेल्यांना या वेळी मत देता आलं नाही.

मतदान दिवाळीनंतर पाचव्या दिवशी आलं. मंडळ दरवर्षी वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फराळाचे पुडे देतं. यंदा ते द्यावेत की नाही यावरही सभा झाली. पुडे गेले, पण यादी मागच्या वर्षीचीच, माणसं तीच, पुड्यात कागद नाही, आणि भाऊंच्या गाडीतून नाहीत.

मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे (१९५१ च्या कायद्याचं कलम १३०). सभागृह बाहेर पडतं की आत, याची कुणालाच खात्री नव्हती. मंडपवाल्याच्या तीस मीटरच्या टेपने शाळेच्या फाटकापासून रस्त्यावर खडूच्या खुणा करत मोजलं. चौथी टेप पूर्ण पसरून झाली तेव्हा सभागृहाचा ओटा अजून पुढे होता.

१७ नोव्हेंबर

सकाळी सातला कढई चढली. एक किलो पोह्यांच्या बारा-तेरा प्लेट धरून चाळीस किलो पोहे भिजवले होते. वर शेव, जिरावण, बारीक कांदा. दारावर कुणी उभं नव्हतं. आत येणाऱ्याचं बोट कुणी बघायचं नाही हे वाढणाऱ्या बायकांना दोनदा सांगितलं होतं, कारण सवयीने "दिलं का हो मत?" असं तोंडून निघतंच.

नवाच्या सुमारास कुणीतरी सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या तक्रार अॅपवर फोटो टाकून तक्रार केली. या अॅपवरच्या तक्रारीवर शंभर मिनिटांत कार्यवाही करायची असते. पथक त्याच्या आतच आलं. त्यांनी काय बघितलं हे महत्त्वाचं आहे: कूपन नाही, फलक नाही, पक्षाचा गमछा घातलेलं कुणी नाही, आणि पंगतीत शाळकरी मुलं व सफाई कर्मचारी. खजिनदारांनी इतिवृत्त आणि चेकची प्रत दाखवली. पथकाने नोंद केली, फोटो घेतले आणि ते गेले. पुढे काही झालं नाही. १७१-ई चा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नव्हते, पण अशा प्रसंगी त्या तांत्रिक बाबीवर विसंबण्याची वेळ येऊ नये, आणि इथे आली नाही.

तिन्ही केंद्रांवरचं मतदान २०१८ पेक्षा थोडं वाढलं. त्याचं श्रेय पोह्यांना देता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच यादी वाचायला हवी होती. मतदार यादीची पीडीएफ भागवार सर्वांना मिळते. नानांनी निवडणुकीनंतर ती छापून गल्लीतल्या दोन जुन्या रहिवाशांसोबत ओळीने वाचली, तेव्हा कमी मतदानाचं बरंचसं कारण कागदावरच सापडलं. विकल्या गेलेल्या वाड्यातलं अख्खं कुटुंब अजून यादीत. पुण्या-बंगळुरूला गेलेली मुलं यादीत. वारलेली माणसं यादीत. ही नावं मत देणारच नव्हती, आणि टक्का मोजताना भागाकारात ती धरली जातातच. मिक्सरचं बक्षीस ठेवून वारलेला माणूस केंद्रावर येत नाही. तिथे लागतो फॉर्म ७, नाव वगळण्याचा, आणि तो आकसाने नव्हे तर घरच्यांनी भरायचा.

देणगीदाराला पहिल्याच रात्री एक प्रश्न विचारायला हवा होता: तुमच्या घरातलं कुणी उभं राहणार आहे का? उत्तर 'कदाचित' असतं तरी त्यांचे पैसे गणपतीला घ्यायचे, मतदानाला नाही.

आणि जे सर्वांत जास्त लागलं ते असं. कूपनं आणि चेक यांच्या गडबडीत कुणालाच फॉर्म १२-डी आठवला नाही. त्या निवडणुकीत ८० वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येत होतं. २०२४ च्या लोकसभेपासून वयाची अट ८५ झाली. अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. अधिसूचना २१ ऑक्टोबरला होती आणि ते पाच दिवस अष्टमी-दसऱ्यात गेले. वस्तीत अंथरुणाला खिळलेले आणि वॉकरवर चालणारे मिळून बारा-चौदा मतदार होते. त्यांच्यासाठी रिक्षा ठरवायची सूचना ऐनवेळी आली, पण उमेदवाराच्या माणसाच्या खर्चाने मतदारांची फुकट ने-आण म्हणजे १९५१ च्या कायद्याची कलमं १२३(५) आणि १३३, त्यामुळे भाऊंच्या गाड्या बादच होत्या. काहींना नातेवाइकांनी आपापल्या गाडीतून नेलं. बाकीच्यांचं मत राहिलं.

२०२४ च्या लोकसभेला मंडळाने ड्रॉ ठेवला नाही. मार्चपासून नानांच्या वहीत तीन याद्या होत्या: फॉर्म ८ लागणारे भाडेकरू, पुढच्या अर्हता दिनांकाला अठरा पूर्ण करणारी मुलं, आणि पंच्याऐंशी ओलांडलेली माणसं. तिसऱ्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी १२-डी चा कोरा अर्ज अधिसूचनेच्या आधीच देऊन ठेवला होता.